पंच हातात घेण्याआधी: धातूवर अक्षरे उमटवण्याची हत्यारे आणि झिलईचे सामान

मी पहिला ठसा मारला तो लाकडी टेबलावर. तांब्याची गोल चकती, तिच्यावर ३ मिलिमीटरचा अक्षर-पंच आणि हातात खिळे ठोकायची हातोडी. पाच-सहा घाव घातले. अक्षर एका बाजूने खोल गेले, दुसऱ्या बाजूने जेमतेम दिसत होते, आणि त्याच्या शेजारी त्याचीच पुसट सावली उमटली होती. चकती उचलून पाहिली तर ती खोलगट झालेली, आणि टेबलावर तेवढाच गोल खळगा. दुसऱ्या दिवशी तोच पंच आणि तसलीच चकती घेतली, पण खाली जाड पोलादी ठोकळा ठेवला. एका घावात अक्षर चारी कोपऱ्यांसकट बसले.

त्या दोन चकत्या मी अजून शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत. या कामात नव्याने येणारा माणूस बहुतेक वेळा आधी सुंदर अक्षरांचे पंच शोधतो आणि बाकीचे घरातल्या वस्तूंवर भागवतो. माझे सांगणे नेमके उलटे आहे. घाव वरून पडतो, पण ठसा उमटतो तो खालच्या आधारावर. म्हणून खरेदीही खालून वर करा: आधी ठोकळा, मग हातोडी, मग पंच, आणि शेवटी धातू. झिलईच्या सामानाचेही असेच आहे. ते शेवटी लागते असे वाटते, पण त्याचे निम्मे काम पहिला घाव घालण्याआधीच उरकायचे असते.

शब्दांचा गोंधळ नको म्हणून एवढे सांगतो: ज्याच्या टोकावर उलटे अक्षर किंवा नक्षी कोरलेली असते ती पोलादी कांडी म्हणजे पंच. त्याने धातूवर जे उमटते तो ठसा.

ठोकळा आणि त्याच्या खालची जागा

घासून सपाट केलेला, कडक पोलादाचा चौकोनी ठोकळा घ्या. साधारण १० बाय १० सेंटिमीटर आणि जाडी २ सेंटिमीटरच्या आसपास असली की पहिली काही वर्षे दुसरा लागत नाही. याहून लहान ठोकळाही चालतो, पण जाडीत काटकसर करू नका. पातळ ठोकळा घावाबरोबर थरथरतो आणि घावाचा जोर त्या थरथरण्यात वाया जातो.

घेताना वरचा पृष्ठभाग उजेडात तिरका धरून बघा. त्यावर ओरखडा, खड्डा किंवा गंजाचा डाग असेल तर तो तुमच्या प्रत्येक चकतीच्या मागच्या बाजूला छापून येईल, कारण घाव पडतो तेव्हा ठोकळाही एक पंचच असतो. पोलादी पट्टी उभी ठेवून तिच्याखालून उजेड येतो का तेही पाहा. याच कारणासाठी पंच कधीही रिकाम्या ठोकळ्यावर मारू नका. ठोकळ्यावर खूण पडते आणि पंचाचे अक्षर बोथट होते, म्हणजे एका चुकीत दोन हत्यारे जातात.

ठोकळा टेबलाच्या मध्यावर ठेवू नका, पायाच्या बरोबर वर ठेवा. फळीचा मधला भाग लवतो, पायावरचा लवत नाही. लाकडाचा जाड ओंडका मिळाला तर त्याच्यासारखी जागा नाही. ठोकळ्याखाली वाळूची पिशवी ठेवण्याची पद्धत आहे, आणि आवाज कमी करायला ती खरोखर उपयोगी पडते. मात्र पिशवी गच्च भरलेली आणि सपाट हवी. सैल पिशवीवर ठोकळा डुलतो आणि अक्षर एका बाजूने उथळ येते. मी स्वतः रबराचा एक पातळ तुकडा वापरतो. आवाज थोडा जास्त होतो, पण ठोकळा जागचा हलत नाही.

आधार बरोबर आहे की नाही हे कानाला कळते. चांगल्या बैठकीवर घाव घातला की छोटा, भरीव आवाज येतो आणि तिथेच संपतो. खणखणाट झाला, किंवा घावानंतर काहीतरी खडखडले, तर खाली कुठेतरी पोकळी आहे. आधी ती शोधा, मग पुढचे अक्षर.

हातोडी: पितळी डोके का?

अक्षरांसाठी साधारण ४५० ग्रॅम वजनाची, पितळी डोक्याची, आखूड दांड्याची हातोडी घ्या. पितळ पोलादापेक्षा मऊ असते. पंचाच्या डोक्यावर पडल्यावर ते किंचित दबते, त्यामुळे हातोडी उसळत नाही. पोलादी हातोडी उसळते, तिच्याबरोबर पंचही उडतो आणि पुन्हा खाली टेकतो. माझ्या पहिल्या अक्षराला जी सावली पडली ती अशीच. दुसरे कारण सुरक्षेचे आहे. कडक पोलादावर कडक पोलाद आपटले की कधीकधी बारीक कपची उडते. म्हणूनच पितळी हातोडी असली तरी सेफ्टी गॉगल लावल्याशिवाय पहिला घावही घालू नये. नंबरचा चष्मा त्याची जागा घेत नाही, कारण तो बाजूंनी उघडा असतो.

पितळी डोक्यावर काही दिवसांत खळगे पडतील. ते पडायलाच हवेत. पंचाऐवजी हातोडी झिजतेय हा चांगला व्यवहार आहे. फार खडबडीत झाली की कानशीने सपाट करून घ्यायची.

वजनाबद्दल एक गैरसमज असतो. हलकी हातोडी वर उचलून जोरात मारली की जड हातोडीचे काम होईल असे वाटते. जोर येतो, पण नेम जातो. जड हातोडी वीतभर उंचीवरून सरळ पडू दिली की घाव दर वेळी सारखा येतो. ६ मिलिमीटरची अक्षरे किंवा भरीव नक्षीचे मोठे पंच वापरायचे असतील तर ९०० ग्रॅमची हातोडी लागेल, पण ती नंतर.

दुसरी हातोडी मात्र पहिल्याच दिवशी लागते: नायलॉनची, कच्च्या चामड्याची किंवा लाकडी मोगरी. ठसे मारले की पत्रा त्या जागी पसरतो आणि चकती हळूहळू वाकते. ती उलटी करून मोगरीने ठोकली की सपाट होते आणि पृष्ठभागावर ओरखडा उठत नाही. गोल, चकचकीत तोंडाची पोलादी हातोडी आधीपासून असेल तर ती धातू ठोकायला ठेवा, पंचावर चालवू नका. तिच्या तोंडावर पडलेली प्रत्येक खूण पुढे धातूवर दिसेल.

पंच निवडताना

इंग्रजी अक्षरांचा संच बहुधा २७ नगांचा असतो, २६ अक्षरे आणि ‘आणि’ या अर्थाचे एक चिन्ह. अंकांचा संच ९ नगांचा असतो, १० चा नाही. त्यात काही हरवलेले नसते. ६ चा पंच उलटा धरला की ९ होतो.

पहिला संच ३ मिलिमीटरचा, मोठ्या लिपीचा, साध्या रेषांचा घ्या. १.५ मिलिमीटरची अक्षरे मोहक दिसतात, पण एका केसाइतकी तिरकी गेली तरी डोळ्याला खुपते. ६ मिलिमीटरच्या अक्षरांना जोर फार लागतो. पंचाच्या टोकाचा जितका भाग धातूला टेकतो तितका जोर जास्त, एवढे लक्षात ठेवले की कोणता पंच आपल्या हाताला झेपेल याचा अंदाज दुकानातच येतो. बारीक रेषेचे अक्षर सहज बसते. भरीव बदामाची किंवा पानाची आकृती त्याच मापाची असली तरी दुप्पट दमवते. छोट्या लिपीचा संच नंतर घ्या, कारण तिच्यातल्या काही अक्षरांच्या शेपट्या ओळीखाली उतरतात आणि ओळ सांभाळणे अवघड जाते.

पंच कोणत्या धातूसाठी बनवले आहेत हे आधी विचारा. साधे संच ॲल्युमिनियम, तांबे, पितळ, चांदी अशा मऊ धातूंसाठी असतात. स्टेनलेस स्टीलसाठी वेगळे, जास्त कडक पंच मिळतात. हे मला एक संच बिघडवून कळले. मऊ धातूच्या पंचाने मी स्टेनलेसची एक पट्टी ठोकली. पट्टीवर धड ओरखडाही आला नाही, आणि ‘ए’ या अक्षराचा टोकदार माथा मात्र कायमचा चपटा झाला. त्या संचातले ‘ए’ असलेले प्रत्येक नाव पुढे तसेच उमटत राहिले.

नवा संच आला की एकही घाव न घालता प्रत्येक पंच मुलांच्या खेळायच्या मातीत किंवा मऊ मेणात दाबून बघा. अक्षर पूर्ण आहे का, कोपरा तुटलेला नाही ना, कांडीच्या मानाने ते तिरके बसलेले नाही ना, हे तिथेच कळते. थोडे तिरके अक्षर एखाद-दुसऱ्या पंचावर सापडतेच. कोणते आहे ते माहीत असले की मारताना पंच तेवढाच फिरवून धरता येतो. मग प्रत्येक पंचाच्या ज्या बाजूला अक्षराचा पाया येतो त्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या. ठिपका नेहमी आपल्याकडे. एवढे केल्याने उलटी अक्षरे पडायची थांबतात. ‘एस’, ‘एन’ आणि ‘झेड’ ही अक्षरे उलटी धरली तरी जवळपास तशीच दिसतात, म्हणून त्यांच्या बाबतीत तर हा ठिपका हवाच.

देवनागरी अक्षरे मारायची हौस आपल्यापैकी प्रत्येकाला असते. काना, मात्रा, वेलांटी वेगवेगळ्या पंचांनी जोडत बसण्यापेक्षा मला सोपी वाटलेली वाट अशी: एक सरळ रेषेचा पंच आणि लहान-मोठ्या वळणाचे दोन-तीन अर्धगोल पंच घ्यायचे, अक्षर पेन्सिलने काढायचे आणि त्या रेषेवर एकेक तुकडा मारत जायचे. शिरोरेखा सगळ्यात शेवटी, सलग, प्रत्येक घाव आधीच्या ठशात किंचित शिरेल असा. यात वेळ जातो, पण अक्षराचे वळण तुमच्या हाताचे येते.

धातू आणि त्याची जाडी

सरावासाठी ॲल्युमिनियम. ते मऊ आहे, हलके आहे, आणि चुकलेला तुकडा बाजूला टाकताना जीव हळहळत नाही. दुसरा टप्पा तांब्याचा. तांबे ठसा फार छान धरते आणि काळे केल्यावर उठून दिसते. पितळ त्याहून कडक, त्याला एक दमदार घाव लागतो. चांदीकडे हात बसल्यावर वळा, दागिन्यांची ९२.५ टक्के चांदी मारायला तांब्यासारखीच वाटते, त्यामुळे तांब्यावरचा सराव वाया जात नाही. ‘जर्मन सिल्व्हर’ या नावाला भुलू नका. त्यात चांदी अजिबात नसते. तांबे, निकेल आणि जस्त असते. ज्यांच्या त्वचेला निकेल सोसत नाही त्यांच्यासाठी ते घेऊ नये.

जाडी गेजमध्ये सांगतात आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १८ गेज म्हणजे सुमारे १ मिलिमीटर, २० म्हणजे ०.८, २४ म्हणजे ०.५. पदकासाठी १८ किंवा २० गेज घ्या. २४ गेजच्या पत्र्यावर अक्षराचा फुगवटा मागच्या बाजूला उठतो आणि चकती लगेच वाकते.

विकत घेताना नरम पत्रा मागा. पत्रा ठोकत गेले, वाकवत गेले की तो कडक होतो. तापवून त्याला पुन्हा नरम करता येते. तांबे मंद उजेडात फिके लालसर दिसेपर्यंत तापवून पाण्यात टाकतात. पण ॲल्युमिनियमच्या बाबतीत ही खूण वापरू नका. ते ६६० अंश सेल्सियसला वितळते आणि तोवर डोळ्याला दिसेल असे लाल होतच नाही. बघता बघता तुकडा हातचा जातो. नवख्या माणसाने बर्नरच्या वाटेला न जाता नरम केलेल्या तयार चकत्याच घ्याव्यात असे माझे मत आहे. आगीचे काम हा वेगळा अभ्यास आहे.

झिलईचा पहिला हात घाव घालण्याआधी

ही पायरी जवळजवळ प्रत्येक जण गाळतो. चकतीवरचे ओरखडे ठसे मारल्यावर घासायला गेलात तर पृष्ठभागाबरोबर अक्षरांच्या कडाही झिजतात, आणि खोल, धारदार अक्षर बोथट दिसू लागते. म्हणून चकती आधी तयार करायची.

तिच्यावर प्लास्टिकचे पातळ आवरण असेल तर सोलून काढा. मग पॉलिश पेपर. पाण्यात चालणारा कागद घ्या, ४००, ६००, १००० आणि २००० नंबरचा एकेक पुरे. या नंबराला ग्रिट म्हणतात. कागद सपाट काचेवर किंवा ठोकळ्यावर ठेवा आणि चकती त्याच्यावर फिरवा. कागद बोटाने चकतीवर घासला तर बोटाखाली खळगे पडतात आणि चमकवल्यावर ते पाण्याच्या लाटांसारखे दिसतात.

घासण्याची दिशा महत्त्वाची आहे. ४०० वर चकती एकाच दिशेने घासा, म्हणजे सगळ्या रेघा आडव्या येतील. ६०० वर चकती काटकोनात फिरवून घासा. आता नव्या रेघा उभ्या आहेत. आडवी रेघ एकही दिसेनाशी होईपर्यंत पुढच्या कागदाला हात लावायचा नाही. मी खिडकीपाशी चकती डोळ्याच्या पातळीवर धरून तिरकी करतो. राहिलेली एखादी आडवी रेघ उजेडात केसासारखी चमकते. ती तशीच सोडून २००० नंबरवर गेलात तर झिलई होईल, पण त्या झिलईत ती रेघ आणखी ठळक होऊन बसेल. कागद बदलताना चकती धुवायचीही आठवण ठेवा. जाड कागदाचा एक कण बारीक कागदावर आला की केलेले काम परत करावे लागते.

काही झिलई-कागदांवर नंबर मायक्रॉनमध्ये, म्हणजे कणाच्या मापात असतो. तिथे हिशेब उलटा: ग्रिटचा आकडा जितका मोठा तितका कागद बारीक, मायक्रॉनचा आकडा जितका लहान तितका बारीक.

घासून झाल्यावर चकती साबणाने धुऊन कोरडी करा आणि यापुढे कडेनेच धरा.

आता ठसा

शब्द आधी कागदावर खऱ्या मापात लिहा. मधले अक्षर शोधा. पाच अक्षरी शब्दात तिसरे. ते चकतीच्या मध्यावर आधी मारायचे, मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असे बाहेर जायचे. डावीकडून सुरू केले की शेवटचे अक्षर हमखास कडेवर चढते. ‘आय’ला जागा कमी लागते, ‘एम’ आणि ‘डब्ल्यू’ला जास्त, तेवढे सरकवून घ्या.

चकती चिकटपट्टीने ठोकळ्यावर बसवा, आणि जिथे अक्षरांचा पाया यायला हवा तिथे पट्टीची सरळ कड येऊ द्या. पट्टीचे दोन थर दिले की छोटीशी पायरी तयार होते आणि पंचाचे टोक तिला टेकलेले बोटांना जाणवते. ओळ सरळ ठेवण्याचे काम मग डोळ्यांऐवजी बोटे करतात.

पंच अंगठा आणि दोन बोटांत, खालच्या बाजूला धरा. करंगळी ठोकळ्यावर टेकलेली असू द्या, तिच्यामुळे हात स्थिर राहतो. पंच पूर्ण उभा. खाली दाबा, म्हणजे तो डुलतोय का ते कळेल. मग नजर पंचाच्या डोक्यावर, आणि एक घाव. पंच लगेच उचलू नका. हातोडी दूर गेल्यावरच उचला.

अक्षर उथळ आले तर पंच अलगद त्याच ठशात परत ठेवून किंचित हलवा. तो खाचेत बसतो तेव्हा हाताला बारीकसा ‘टक्’ जाणवतो. तो जाणवला तरच दुसरा घाव. नाही जाणवला तर अक्षर तसेच राहू द्या, कारण अंदाजाने मारलेला दुसरा घाव अक्षराची दोन अक्षरे करतो. मोठ्या नक्षीच्या पंचाला मात्र एकच घाव पुरत नाही. तो न उचलता थोडा पुढे, थोडा मागे, डावी-उजवीकडे कलवून प्रत्येक बाजूला एकेक घाव द्यायचा.

पहिल्या दिवशी शब्द मारूच नका. ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर एकच अक्षर तीस वेळा मारा. पंधराव्या-सोळाव्या ठशापर्यंत हाताला जोराचा अंदाज येतो, आणि तीस ठसे ओळीने पाहिले की आपला हात नेहमी कोणत्या बाजूला कलतो तेही दिसते.

भोक आणि कडा

भोकाची जागा आधी ठिपक्याने ठरवा, पण भोक ठसे मारून झाल्यावर पाडा. आधी पाडलेल्या भोकाशेजारी अक्षर मारले की धातू सरकतो आणि भोक लांबट होते. कडेपासून किमान २ मिलिमीटर धातू शिल्लक राहू द्या. स्क्रू फिरवून भोक पाडणारे छोटे हत्यार नवख्याला सगळ्यात सोपे. त्याच्या दोन टोकांना दोन मापांची भोके पडतात. ड्रिल वापरणार असाल तर आधी सेंटर पंचाने खूण करा, नाहीतर बिट घसरून अक्षरावरून जाईल. चकती हातात धरून ड्रिल चालवू नका. बिट अडकला की पत्र्याचे पाते होते.

भोकाभोवती आणि कडेला धार राहते. बारीक अर्धगोल कानशीने ती काढा, मग ६०० च्या कागदाने कड गोल करा. कानस पुढे ढकलताना कापते; मागे ओढताना उचलून घ्यायची. गळ्यात किंवा किल्लीला लावायची वस्तू असेल तर कडेवरून गालाची कातडी फिरवून बघा. बोटाला न लागणारी धार गालाला लागते.

अक्षरात काळा रंग

ठसा कितीही चांगला असो, चकचकीत धातूवर तो लांबून वाचता येत नाही. अक्षराच्या तळाशी काळोख आणि वर उजेड हवा.

ॲल्युमिनियमवर काळा ॲक्रिलिक रंग किंवा न पुसणारा काळा मार्कर चालतो. रंग अक्षरात दाबून भरा, मिनिटभर थांबा आणि वरचा पुसून घ्या. पुसण्याची पद्धत बघा: कापड बोटावर गुंडाळून पुसले तर बोटाचा मऊ भाग अक्षरात शिरतो आणि तळातला रंगही उचलून आणतो. कापड लाकडाच्या सपाट तुकड्यावर ताणून, अल्कोहोलचा एक थेंब लावून पुसले की ते वरच्या वर फिरते आणि अक्षर काळे राहते.

तांबे आणि चांदीसाठी लिव्हर ऑफ सल्फर, म्हणजे धातू काळा करणारे गंधकाचे रसायन. कोमट पाण्यात त्याचा छोटासा खडा किंवा जेलचा थेंब पुरतो. पाणी उकळते नको. तुकडा आधी साबणाने नीट धुतलेला हवा, बोटाचा तेलकट डाग असेल तर तिथे रंग चढत नाही. रंग पिवळसर, मग तांबूस-जांभळा, निळा आणि शेवटी काळपट असा बदलत जातो. हवा तसा झाला की साध्या पाण्यात आणि मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, म्हणजे क्रिया थांबते. हे काम खिडकी उघडून किंवा बाहेर करा. वास सडक्या अंड्यासारखा येतो, आणि या द्रावणात आम्ल चुकूनही मिसळायचे नाही. त्यातून विषारी वायू निघतो. ॲल्युमिनियमला याचा उपयोग नाही, आणि पितळही ते फारसे धरत नाही. पितळाला रंगच बरा.

शेवटची झिलई

आता हात हलका ठेवायचा. अक्षराच्या तळाला न शिवता फक्त वरचा भाग उजळायचा आहे. सपाट लाकडाला चिकटवलेला २००० नंबरचा कागद एकदोनदा फिरवा, म्हणजे वरचा काळेपणा निघतो. मग झिलईच्या चौकोनी पॅडने किंवा पॉलिश लावलेल्या कापडाने घासा. पहिल्या वर्षी एवढे सामान पुरे. आरशासारखी चमक नको असेल आणि मंद, मखमली पोत हवा असेल तर ०००० नंबरचा स्टील-वूल एकाच दिशेने फिरवा. हा पोत माझ्या आवडीचा आहे, कारण वापरताना पडणारे ओरखडे त्यात मिसळून जातात. स्टील-वूलचे कण मात्र धुऊन काढा; राहिले तर अक्षरात गंज धरतो. चांदीवर पितळी ब्रश फिरवायचा असेल तर साबणाच्या पाण्यात फिरवा. कोरडा फिरवला की चांदीवर पिवळसर झाक चढते.

छोटी फिरती मोटर आणि बफ, म्हणजे तिच्यावर फिरणारे कापडी चाक, घ्यायचे ठरवाल तेव्हा पॉलिशच्या दोन लाद्या लागतील. तपकिरी ट्रिपोली बारीक ओरखडे कापते, आणि लाल रूज शेवटची चमक देते. रूजमध्ये लोहाचा ऑक्साइड असतो, त्याचा लाल रंग त्याचाच. प्रत्येक लादीला स्वतंत्र बफ हवा, आणि दोन्हींच्या मध्ये तुकडा कोमट साबणाच्या पाण्याने धुवायचा. ट्रिपोलीत सिलिका असते, म्हणून धुळीसाठी चांगला मास्क लावा. केस बांधा, बाही दुमडा, आणि फिरत्या बफपाशी कापडी हातमोजे घालू नका. बफ मोज्याला धरतो आणि मोज्याबरोबर बोट ओढतो. बफ एकाच जागी रेंगाळला तर अक्षराची कड दोन मिनिटांत गोल होते, म्हणून तो सतत हलता ठेवा.

टंबलर, म्हणजे स्टेनलेसच्या बारीक गोळ्यांबरोबर साबणाच्या पाण्यात वस्तू फिरवणारा डबा, हा चैनीचा भाग आहे. एका वेळी दहा-वीस तुकडे करू लागलात की घ्या. गोळ्या धातूला कापत नाहीत, ठोकून चमकवतात, त्यामुळे अक्षरे शाबूत राहतात आणि तुकडा थोडा कडकही होतो. ॲल्युमिनियम त्यात चांदी-तांब्याबरोबर टाकू नका. ते पाणी काळे करते आणि सगळ्यांवर करडी झाक आणते.

झिलई संपली की मऊ टूथब्रशने अक्षरांत अडकलेले पॉलिश धुवा. तांबे-पितळ हवेत काळवंडतेच; त्याला मेणाचा पातळ हात दिला की वेग मंदावतो आणि तो हात कधीही परत देता येतो. पारदर्शक लॅकर जास्त टिकतो, पण एका कोपऱ्यात उडाला की पूर्ण काढून पुन्हा लावावा लागतो. रोज अंगावर राहणाऱ्या वस्तूला मी मेणच लावतो.

हत्यारे ठेवताना

उठण्याआधी पंचांची टोके आणि ठोकळा तेलाच्या फडक्याने पुसा. घामट बोटांचा ठसा ठोकळ्यावर राहिला तर दमट हवेत सकाळपर्यंत तिथे गंजाचा नकाशा उमटतो. पंच डब्यात सुटे टाकू नका, एकमेकांवर आपटून त्यांची टोके जातात; भोके पाडलेल्या लाकडी ठोकळीत उभे ठेवा. डब्यात सिलिका जेलची पुडी टाका. पंचाचे वरचे डोके दर काही महिन्यांनी बघा. ते चपटे होऊन कडा छत्रीसारख्या बाहेर आल्या असतील तर कानशीने घासून काढा, कारण पुढच्या घावाला तीच कड तुटून उडते. आणि सरावाचे ॲल्युमिनियमचे तुकडे तारीख कोरून ठेवा. नवा पंच किंवा नवी हातोडी आली की आधी त्या तुकड्यांच्या कोऱ्या बाजूवर चालवून बघायची.